आधी टायर मोजा: जुन्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचं दुखणं ओळखताना

जुनी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकं ओढणारी, गाडी बघायला गेलो की मी आधी बॉनेट उघडत नाही. वीसएक मिनिटं गाडी चालवून गरम करतो, एखाद्या मोकळ्या, कोरड्या, सपाट आवारात नेतो, स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवतो आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता, तिला गोल फिरू देतो. गाडी आपसूक फिरत राहिली तर बरीचशी काळजी मिटते. पण हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय असं वाटायला लागलं, गाडी अडखळत, कुंथत वळायला लागली, टायर जमिनीवर चरचर घासले, तर तिच्या पोटात पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतायत. भांडण का लागलं हे शोधणं हेच या गाड्यांच्या दुरुस्तीतलं खरं काम. पाने फिरवणं त्यानंतरचं, आणि त्या मानाने सोपं.

हे भांडण समजायला थोडी भूमिती लागते. वळणावर चारही चाकं चार वेगवेगळ्या वाटांनी जातात. अडीच मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधे तेवढं अंतर असलेली, मध्यम गाडी घ्या. पुढचं बाहेरचं चाक ५.२ मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरतंय असं धरलं, तर एका पूर्ण फेरीत पुढची दोन चाकं सरासरी २९ मीटर चालतात आणि मागची दोन जेमतेम २४. म्हणजे एवढ्याशा गोलात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जवळजवळ अडीच फेरे जास्त घ्यावे लागतात. ज्या गाडीची फक्त पुढची किंवा फक्त मागची चाकं ओढतात, तिला याची फिकीर नसते, कारण बाकीची दोन चाकं मोकळी असतात. इथे मात्र पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल एकाच गिअरबॉक्सला बांधलेले असतात. मधे काहीतरी सैल सोडणारं हवंच. ते ‘काहीतरी’ कोणतं आहे, हे कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गाडीत मधे काय आहे?

१९६६ साली आलेल्या जेन्सन एफएफ या गाडीत फर्ग्युसनची कायम चारही चाकं ओढणारी रचना होती. पण त्या गाड्या थोड्याच बनल्या. पुढच्या तीस वर्षांत प्रत्येक कंपनीने मधला हा प्रश्न आपापल्या पद्धतीने सोडवला. बाहेरून सगळ्या गाड्यांच्या पाठीवर एकच बिल्ला दिसतो, आत मात्र चार तऱ्हा सापडतात.

पहिल्या तऱ्हेत मधे काहीच नसतं. १९७२ ची सुबारू लिओनी इस्टेट अशी होती: एक दांडी ओढली की मागचा एक्सल जोडला जायचा, घट्ट. चिखलात, बर्फात हे उत्तम चालतं, कारण तिथे चाकं घसरून हिशोब जुळवून घेतात. कोरड्या डांबरावर दांडी ओढून वळलात तर गाडी अडखळणारच. तो दोष नाही, तो त्या रचनेचा स्वभाव आहे. दांडी सोडा, प्रश्न संपला. सोडूनही अडखळत असेल तरच पुढे वाचा.

दुसऱ्या तऱ्हेत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मधे तिसरा डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी; प्रत्येक एक्सलवर एकेक असतोच) असतो आणि गरज पडली तर तो लॉक करता येतो. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या ऑडी क्वाट्रोने ही कल्पना घराघरात नेली. तिच्यात गिअरबॉक्सचा एक शाफ्ट पोकळ केला होता आणि त्याच्या आतून पुढच्या एक्सलकडे जाणारा दुसरा शाफ्ट नेला होता. इतकी सुटसुटीत मांडणी मला आजही बघावीशी वाटते. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर लॉक करायची यंत्रणा व्हॅक्यूमवर चालायची. म्हणून आज अशा गाडीत लॉक लागत नाही अशी तक्रार आली की आधी डिफरन्शियल उघडू नका. चाळीस वर्षांच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघा. तडकलेली, कडक झालेली नळी हाताला लगेच कळते. लॉक सुटत नसेल तरीही पहिला संशय तिथेच घ्यायचा.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑडीने त्या जागी टॉर्सन आणला. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकी संशोधकाची ही करामत आहे. वर्मगिअरसारखे दात एकमेकांत अशा कोनात बसवलेले असतात की एका बाजूला पकड कमी झाली की दुसऱ्या बाजूला जास्त जोर जातो, आपोआप, कुठलीही वायर न लावता. मात्र त्याची एक मर्यादा माहीत नसली की चांगला टॉर्सन बाद ठरवला जातो. तो एका बाजूच्या जोराच्या काही पट जोर दुसरीकडे देतो. एका बाजूला शून्य असेल, म्हणजे चाक हवेत लटकत असेल, तर शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवला की लटकत्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि गाडी पुढे सरकते. सरकली तर टॉर्सन ठीक आहे.

तिसरी तऱ्हा व्हिस्कस कपलिंगची. जुन्या गाड्यांत ती सगळ्यात जास्त सापडते, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त त्रासही तीच देते. तिच्याकडे आपण नीट थांबून बघू. चौथीत इलेक्ट्रॉनिक किंवा हायड्रॉलिक क्लच असतो, त्याबद्दल नंतर.

बंद डब्यातलं तेल

व्हिस्कस कपलिंग म्हणजे एक सीलबंद गोल डबा. आत भोकं आणि खाचा पाडलेल्या पातळ पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. अर्ध्या चकत्या मधल्या शाफ्टला अडकलेल्या, अर्ध्या डब्याच्या भिंतीला. मधे सिलिकॉन तेल आणि थोडी हवा. पुढची-मागची चाकं थोड्याच फरकाने फिरत असली तर चकत्या एकमेकींशेजारून तेलातून सरकत राहतात. फरक वाढला की तेल घुसळून तापतं, फुगतं, हवा दाबली जाते, दाब वाढतो आणि चकत्या एकमेकींना भिडतात. मग डबा जवळजवळ लॉक होतो. फरक संपला की थंड होऊन पुन्हा मोकळा. काही गाड्यांत हा डबा मधल्या डिफरन्शियलच्या जोडीला असतो. बीएमडब्ल्यूच्या ई३० मधल्या ३२५आयएक्समध्ये असाच होता, जोर पुढे ३७ टक्के आणि मागे ६३ टक्के वाटणारा. गोल्फ सिंक्रोसारख्या गाड्यांत मधला डिफरन्शियल नाहीच. तिथे मागच्या चाकांना जे काही मिळतं ते या डब्यातूनच.

हा डबा दोन तऱ्हेने मरतो. सील गेलं आणि तेल गळलं तर तो कायमचा सैल होतो. गाडी कोरड्यावर छान चालते आणि घसरणीवर ऐन वेळी दगा देते. मालकाला कित्येक वर्षं पत्ता लागत नाही. दुसरी तऱ्हा उलटी: वर्षानुवर्षं तापून तेल घट्ट होतं, चकत्या झिजतात आणि डबा कायमचा धरून बसतो. सुरुवातीच्या परिच्छेदातली अडखळणारी गाडी बहुतेक वेळा हीच असते. थंड असताना ती ठीक वाटते आणि वीस मिनिटांनी अडते. म्हणून ती परीक्षा गरम गाडीवरच घ्यायची.

मधला डिफरन्शियल आणि डबा दोन्ही असलेल्या गाडीत आणखी एक साधी तपासणी करता येते. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, जमिनीवरच्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. एक पुढचं चाक जॅकवर उचला, खाली घोडी (जॅक स्टँड) लावा आणि चाकाच्या नटावर लांब दांड्याचा पाना बसवून हळूहळू फिरवा. चाक घट्ट ग्रीसमधून हात फिरवल्यासारखं, एकसारख्या विरोधाने फिरलं पाहिजे. जोर वाढवला की थोडं जास्त वेगाने, कमी केला की सावकाश. अगदी भुरकन फिरलं तर तेल गेलेलं. दगडासारखं अडलं तर डबा धरलेला, पण त्याआधी त्या चाकाचा ब्रेक तर अडकलेला नाही ना हे बघून घ्या.

आणि इथेच एक गोष्ट कळकळीने सांगतो. या गाडीची दोन चाकं उचलून, दोन जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरची चाकं ओढतात आणि गाडी घोडीवरून उडी मारते. हँडब्रेक तिला धरून ठेवेल अशी आशाही ठेवू नका. टोइंगलाही हेच लागू आहे. एक एक्सल उचलून दुसरा फरपटत नेला तर पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक शंभर टक्के होतो आणि थोड्याच अंतरात डबा जळतो. चारही चाकं जमिनीवरून उचलणारी गाडीच मागवायची.

टायरचा पट्टा

डबा का मरतो? म्हातारपणाने मरतोच, पण बहुतेकदा त्याला वेळेआधी टायर मारतात. हे पटायला आकडे हातात घ्यावे लागतात.

२०५/५५ आर१६ मापाचा नवा टायर घेतला तर त्याचा परीघ साधारण १,९८५ मिलिमीटर. एका किलोमीटरला तो ५०४ फेरे घेतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरू. तोच झिजून ३ मिलिमीटरवर आला की त्रिज्या ५ मिलिमीटरने कमी झाली आणि परीघ ३१ मिलिमीटरने. आता तो किलोमीटरला ५१२ फेरे घेतो. पुढे दोन झिजलेले आणि मागे दोन नवे टायर असतील तर सरळ, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा दोन्ही एक्सलमधे किलोमीटरला ८ फेऱ्यांचा फरक पडतो. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा लांब दांडा) चाकापेक्षा चारेक पट जास्त फिरतो, म्हणजे तिथे साधारण ३३ फेरे. वळण नाही, चिखल नाही, आणि तरी मधला डबा क्षणभरही विश्रांती न घेता तेल घुसळतोय. शंभर किलोमीटरच्या प्रवासात ३,३०० फेरे.

सुबारूची सूचना अशी आहे की चारही टायरच्या परिघातला फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे सहाएक मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नक्षीच्या खोलीत मोजलं तर हा फरक फक्त १ मिलिमीटरचा होतो. पुष्कळ लोकांना ही अट जाचक वाटते. मला ती वाजवी वाटते, कारण एका टायरच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च कुठल्याही देशात जास्तच असतो. एक टायर फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असतील तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, तितकाच झिजलेला टायर शोधा, किंवा चारही बदला. माप तेच आणि कंपनी वेगळी असली तरी परीघ वेगळा निघतो, हे मी पट्ट्याने मोजून पाहिलेलं आहे.

मोजायला शिंप्याचा कापडी पट्टा पुरतो. चारही टायरमधे हवा सारखी भरा, चाक उचला, पट्टा नक्षीच्या बरोबर मधून गुंडाळा. आकडे वहीत लिहा. याहून खरं माप हवं असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी सरळ रेषेत ढकला आणि चाकाच्या दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. गाडीच्या वजनाखाली टायर दबतो तेही त्यात धरलं जातं. आणि टायर दर काही हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहिलात तर चारही बरोबरच म्हातारे होतात.

खडूची रेघ

माझी स्वतःची पहिली अशी गाडी मी घेतली तेव्हा ती वळताना अडखळायची. मी शिकलो होतो त्याप्रमाणे चारही टायर सारखे करून घेतले. फरक पडला नाही. गिअरबॉक्सचं तेल बदललं. नाही. ज्याच्याकडून घेतली त्याने जाता-जाता सांगितलं होतं की गिअरबॉक्स मधे एकदा बदललाय. ते वाक्य माझ्या डोक्यात आठवडाभर घोळत राहिलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपासून सोडवला. सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या चकत्यांवर, पंचाने खूण केली, कारण शाफ्ट आणि फ्लँज ज्या बाजूने बसले होते त्याच बाजूने परत बसले नाहीत तर थरथर सुरू होते. एक मागचं चाक उचललं, दुसरं जमिनीवर ठोकळे लावून ठेवलं. डिफरन्शियलच्या फ्लँजवर खडूने रेघ मारली आणि उचललेलं चाक हाताने वीस वेळा पूर्ण फिरवलं. एक चाक थांबलेलं असताना दुसरं वीस फिरलं तर आतलं क्राउन व्हील, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, दहाच फिरतं. म्हणजे फ्लँज जितके वेळा फिरेल त्याला दहाने भागलं की क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन यांचं गुणोत्तर मिळतं. मी खडूची रेघ मोजत होतो. एक्केचाळीसला थांबायला हवी होती. ती चव्वेचाळीसच्याही पुढे गेली.

गिअरबॉक्समधलं पुढचं गुणोत्तर ४.११ होतं आणि मागचं ४.४४. ज्याने कुणी गिअरबॉक्स बदलला त्याने मागचा डिफरन्शियल तसाच ठेवला होता. आठ टक्के फरक. किलोमीटरला १६६ फेरे डबा घुसळत होता, झिजलेल्या टायरच्या पाचपट. डबा काढला तेव्हा त्याचं कवच निळसर पडलं होतं, फार तापलेलं पोलाद पडतं तसं. डबाही बदलावा लागला आणि मागचा डिफरन्शियलही.

यातला एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. पुढचे आणि मागचे आकडे वेगळे दिसले म्हणजे चूक झालीच असं नाही. काही सुबारूंमधे पुढे ३.९ आणि मागे ३.५४५ असतं आणि तेच बरोबर असतं, कारण गिअरबॉक्सच्या शेपटीत १.१ ची आणखी एक गिअरजोडी असते. ३.५४५ ला १.१ ने गुणा, ३.९ येतात. गुणाकार पूर्ण केल्याशिवाय कुणालाही दोष देऊ नका.

तेलाचं बोलणं

या गाडीत तेलाच्या जागा जास्त असतात: गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी), मागचा डिफरन्शियल. काही दोन जागांना एकच तेल पुरतं, काही शेजारी असूनही वेगळ्या असतात. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्समधे पुढचा डिफरन्शियल त्याच पोटात बसतो, म्हणून तिथे जीएल-५ प्रतीचं तेल लागतं. ‘गिअरबॉक्सला जीएल-४ च घाला, जीएल-५ ने सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) बिघडतात’ हा सल्ला अनेक गाड्यांसाठी योग्य आहे, पण इथे तो मानला तर डिफरन्शियलचे हायपॉइड दात उपाशी राहतात. त्याच कंपनीच्या जुन्या ऑटोमॅटिकमधे मात्र पुढच्या डिफरन्शियलचं तेल वेगळं आणि त्याची डिपस्टिकही वेगळी. घाईत इंजिन ऑइलचा समजून त्याचाच ड्रेन प्लग उघडला जातो, डिफरन्शियल कोरडा पडतो आणि इंजिनमधे दुप्पट तेल जातं. प्लग उघडण्याआधी तो कुठल्या पोटाचा आहे हे दोनदा बघा.

आणि ड्रेन प्लगच्या आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. नेहमी. वीस-तीस वर्षं न उघडलेला भरायचा प्लग गंजून बसलेला असतो. आधी तेल सोडून दिलं आणि मग वरचा प्लग गोल झाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर जे चिकटलेलं असेल ते पुसून टाकू नका, बोटांवर घ्या. राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर असेल तर ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारे कण, चकाकणाऱ्या पापुद्र्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर तेल बदलून भागणार नाही. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

सीलमधून तेल पाझरत असेल तर सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा. डिफरन्शियलच्या डोक्यावर एक छोटं टोपण किंवा नळी असते. गाडी तापली की आतली हवा तिथून बाहेर पडते. चिखलाने ती तुंबली की हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल नेते. मी एकच सील दोनदा बदललेली गाडी पाहिली आहे. ब्रीदर मोकळा केल्यावर तिसऱ्यांदा बदलावं लागलं नाही.

आवाज कुठून येतोय

वेगाबरोबर थरथर येत असेल तर ती चाकाची की प्रॉपेलर शाफ्टची, हे तिच्या गतीवरून कळतं. ताशी १०० किलोमीटरला आधी मोजलेल्या २०५/५५ आर१६ मापाचं चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. हा थरथराट डोळ्यांनी दिसतो, स्टिअरिंग हातात हलतं. प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला ५७ वेळा फिरतो. त्याची थरथर दिसत नाही, ती सीटमधून, पायाखालच्या पत्र्यातून गुणगुणल्यासारखी जाणवते. युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा), मधलं रबरी आधाराचं बेअरिंग आणि शाफ्टचं बॅलन्सिंग, या क्रमाने बघा.

घूं-घूं आवाजासाठी माझी पद्धत अशी. डावी-उजवीकडे हलकं वळवून पाहतो. वजन एका बाजूला गेल्यावर आवाज वाढला तर त्या बाजूचं व्हील बेअरिंग. वळवून फरक नाही, पण ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो, तर डिफरन्शियलचे दात किंवा त्याचं बेअरिंग. वळताना कट-कट-कट म्हणजे सीव्ही जॉइंट (चाकापर्यंत जोर नेणाऱ्या शाफ्टचा वळणारा सांधा), आणि तो जाण्याआधी त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं असतं. या गाडीला साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट सीव्ही जॉइंट असतात, तेव्हा बूट बघत राहणं सोडू नका. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना एकच ठोका ऐकू आला तर दात तपासण्याआधी मागच्या डिफरन्शियलचे रबरी बुश आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बघा.

क्लचवाल्या गाड्या

चौथ्या तऱ्हेतल्या गाड्यांचं निदान तुलनेने सुटसुटीत आहे, कारण बहुतेकदा तेल आणि एखादा सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारी झडप) एवढ्यातच उत्तर असतं. सुबारूच्या जुन्या चार-गिअरी ऑटोमॅटिकमधे इंजिनच्या बाजूला एक रिकामी फ्यूजची जागा असते. तिच्यात फ्यूज बसवला की मागची चाकं सुटतात. गाडी वळताना अडत असेल तर फ्यूज बसवून तोच गोल पुन्हा फिरा. अडणं थांबलं तर सोलेनॉइड हुकूम ऐकतोय. थांबलं नाही तर सोलेनॉइड तरी गेलाय किंवा आतला क्लच अडकलाय. त्या सोलेनॉइडची वीज तुटली की मागची चाकं पूर्ण जोडलेल्या अवस्थेत राहतात, म्हणून वायरिंगचा दोषही अडखळण्याच्याच रूपात दिसतो. क्लच उघडण्याआधी ऑटोमॅटिकचं तेल बदलून काही दिवस चालवून बघणं योग्य. छोटं स्पेअर चाक लावायची वेळ आली तरी हाच फ्यूज उपयोगी पडतो. ते चाक मागे लावा.

होंडाच्या जुन्या सीआर-व्हीमधे दोन पंप असतात. एक प्रॉपेलर शाफ्टबरोबर फिरतो, दुसरा मागच्या चाकांबरोबर. फरक पडला की दाब तयार होऊन क्लच बसतो. घट्ट वळताना मागून घरघर आली तर बहुतेक वेळा त्या डिफरन्शियलचं जुनं तेल हेच कारण असतं. कंपनीने सांगितलेलंच तेल घाला, साधं गिअर ऑइल त्यात चालत नाही. १९९८ पासून फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांत आलेल्या हॅल्डेक्स या क्लचला तेलाबरोबर फिल्टरही असतो. सुरुवातीच्या पिढ्यांत तेल साधारण ३०,००० किलोमीटरला आणि फिल्टर ६०,००० ला बदलायचा असतो. आडव्या इंजिनची चार चाकी ओढ असलेली जुनी गाडी चढावर पुढची चाकं गरगर फिरवत उभी राहिली, तर हे दोन्ही कधी बदललेत ते आधी विचारा.

बदल करायचे असतील तर

ताकद वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला. पण एक गोष्ट समजून घ्या. दोन चाकांच्या ओढीच्या गाडीत क्लच झटकन सोडला की टायर घसरतात. ते घसरणं म्हणजे फ्यूज असतो, जास्तीचा जोर रबर जाळून निघून जातो. चारही चाकांनी रस्ता पकडून ठेवला की तो फ्यूजच राहत नाही. सगळा धक्का क्लच झेलतो, आणि क्लच तगडा बसवलेला असेल तर गिअरचे दात. म्हणून ताकद वाढवल्यावर आधी चालवण्याची सवय बदला, मग गिअरबॉक्सचा विचार करा. त्याच्याही आधी ब्रेक. चार चाकांची ओढ गाडीला वेग घ्यायला मदत करते, थांबायला नाही.

गाडी उंच केली की सीव्ही जॉइंटचे कोन वाढतात. थोड्या उंचीला ते सोसतात, त्यापुढे बूट फाटतात आणि जॉइंट झिजतात. एंजिनाची आणि डिफरन्शियलची चौकट त्याच मापाने खाली घेतली तर कोन मूळच्या जवळ राहतात, आणि उंची वाढवणाऱ्या चांगल्या संचांत ते तुकडे असतात. नुसते स्प्रिंगवर ठोकळे घालून केलेली उंची मला पसंत नाही.

वळणावर गाडी बाहेर ओढली जाते, नाक जड वाटतं, ही जुन्या ऑडींसारख्या, इंजिन पुढच्या एक्सलच्याही पुढे असलेल्या गाड्यांची तक्रार असते. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) थोडा जाड केला की ती बरीच कमी होते, आणि हा बदल सोपा आणि परत काढता येण्यासारखा आहे. तोच आधी करून बघावा.

मधला डिफरन्शियल वेल्ड करून कायमचा लॉक करू नका, मातीवरच चालणारी गाडी असल्याशिवाय. आणि डबा बिघडलाय म्हणून प्रॉपेलर शाफ्टच काढून टाकायचा उपाय ऐकलात तर थांबा. मधे डिफरन्शियल आणि डबा असलेल्या गाडीत शाफ्ट काढला की पुढच्या चाकांना सगळा जोर त्या बिघडलेल्या डब्यातूनच जातो आणि तो लवकरच संपतो. नुसता मोकळा डिफरन्शियल असेल तर गाडी जागची हलतसुद्धा नाही.

चाकं मोठी करायची तर चारही एकाच मापाची आणि एकाच वेळी. माझ्या गाडीला नवी चाकं बसवली त्या दिवशी आधी कापडी पट्टा काढला. १,९९२, १,९९१, १,९९२, १,९९०. मग वीस मिनिटं चालवून गरम केली, आवारात नेली, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं आणि पाय उचलला. ती आवाज न करता सहा फेऱ्या फिरली, मग उजवीकडे सहा.